अनवाणी गाणारी बाई

सिंगापुरात सेरंगूनच्या मॉलच्या तळघरातल्या सुपरमार्केटमध्ये मी भेंडीचं टोक मोडून बघत होते. टोक मोडू नये अशी तिथे पाटी आहे. पण टोक न मोडता भेंडी घेणं म्हणजे मुलगा न बघता लग्न ठरवणं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, आणि मी त्यांच्याच तालमीत तयार झालेली. शेजारी एक चिनी आजोबा कलिंगडाला कान लावून टिचक्या मारत होते. मासळीच्या बर्फाचा गार, खारट वास येत होता. एवढ्यात छतातल्या बारीकशा स्पीकरमधून ती गायला लागली आणि मी अर्धी मोडलेली भेंडी हातात धरून तशीच उभी राहिले.

गाणाऱ्या माणसाची कारकीर्द कुठून कुठे जाते, ते मी तिच्यामुळे पाहिलं. आधी तिच्या गाण्यावर लोक नाचले. मग तिच्यासमोर बसून लोकांनी खारे दाणे खाल्ले. आता तिच्या गाण्यावर भाजी निवडतात. मी तिला कुठेही सोडलेलं नाही. नाचले मी, दाणेही खाल्ले, आणि त्या दिवशी पाव किलो भेंडी घेतली.

तिचं नाव सांगत नाही. आमच्या घरात तिला 'बाई' म्हणतात, तेच बरं आहे.

पुण्यात कॉलेजच्या हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मुलीकडे एक कॅसेट होती. कुणाच्या तरी दुबईच्या मामाने दिलेली, तिची उतरवून घेतलेली, पुन्हा उतरवून घेतलेली. कव्हर मूळचं होतं मात्र. त्यावर अंगाहून मोठा पुरुषी कोट घातलेली, बारीक कापलेल्या केसांची एक सावळी तरुणी भिंतीला टेकून उभी होती. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा पावसाळी गावातली. आईवडील लांबच्या बेटांवरून तिथे आलेले, वडील बस चालवायचे, आणि ती लहानपणी चर्चमध्ये गायची. एवढं सगळं कव्हरच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं आणि आम्हाला ते पाठ होतं.

त्या खोलीला ओल्या टॉवेलांचा, खोबरेलाचा आणि चोरून केलेल्या उपम्याचा वास असायचा. कॉट भिंतीला सरकवायच्या, दाराला कडी घालायची, टेपचं बटण खटकन दाबायचं. ढोल आधी यायचा, मग तिचा आवाज. बायकांचे आवाज वर चढतात असं आम्हाला माहीत होतं. हा आवाज खाली उतरायचा, पोटात जायचा. आम्ही घामाघूम होऊन नाचायचो. रेक्टरबाई दार वाजवून विचारायच्या, "ही बाई गातेय की भांडतेय गं?" आम्ही एका सुरात ओरडायचो, "गातेय!" आणि पुन्हा नाचायचो. इतकी निखळ मजा मी नंतर फार थोड्या वेळा केली.

मग तिची दुसरी कॅसेट आली, तीही गाजली. तिसरी आली ती कुणी विकत घेतली नाही. नंतर ती कुठे दिसेना. मलाही शोधायला सवड नव्हती. नोकरी, प्रसादशी लग्न, त्याची सिंगापूरला बदली, आणि एक दिवस सेंगकांगच्या कोऱ्या बिल्डिंगमध्ये बाराव्या मजल्यावरचं घर. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. खाली रुळांवरून विनाचालक छोटी गाडी गोल गोल फिरायची, आणि खिडकीत बसून आमची रेवा तिच्याकडे बघत राहायची. बोलायची मात्र नाही.

तिसरं वर्ष सरत आलं तरी रेवा एक शब्द बोलली नव्हती. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं. चपला आण म्हटलं की आणायची, तीही माझ्या साडीला शोभतील अशा. पण तोंडातून अक्षर नाही. शेजारची तिच्याच वयाची मुलगी लिफ्टमध्ये अख्खी कविता म्हणायची आणि मी मजल्यांचे आकडे बघत उभी राहायची.

सासूबाई पुण्याहून आल्या त्या गुटीचा डबा आणि सहाण घेऊनच. विमानतळावरच्या माणसाने ती सहाण उलटीसुलटी करून पाहिली म्हणे. रोज सकाळी आमच्या त्या नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात घर्रघर्र आवाज सुरू व्हायचा. वेखंडाचा उग्र वास अंगठ्याएवढ्या तुकड्यातून निघून बाहेरच्या पॅसेजपर्यंत जायचा. "वेखंडाने वाचा फुटते," सासूबाई म्हणायच्या. "हिचा बाप दोन वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता बघ, गप्प बसतोय का." प्रसाद तेव्हा फोनवर बोलतच असायचा, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

वेखंडाने होईना तेव्हा त्यांनी पोपटाचा उष्टा पेरू काढला. पोपटाने टोचलेला पेरू मुलाला खायला दिला की मूल बोलायला लागतं, हे त्यांच्याकडे ठरलेलं होतं. सिंगापुरात पेरू मिळतो तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, डोक्याएवढा, आणि त्यावर पोपटाची चोच तर सोडाच, माशीचा पायही पडलेला नसतो. पण आमच्या बिल्डिंगखाली रोज सकाळी एक चिनी काका पिंजऱ्यातला पोपट घेऊन बसायचे. सासूबाई पेरू घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मी मधे दुभाषी. काय सांगू? कसंबसं सांगितलं.

काका अजिबात हसले नाहीत. इथल्या पद्धतीने वाक्याला 'लाह'चं शेपूट लावून म्हणाले, "आंटी, धिस वन डोंट ईट ग्वावा, लाह. ओन्ली पीनट."

मग सासूबाईंनी पेरूला भोक पाडून त्यात शेंगदाणा खोचला. पोपटाने दाणा काढताना पेरूला चोच लावली. काकांनी टाळी वाजवली, सासूबाईंनी पेरू पदराखाली धरून वर आणला, रेवाने तो मीठ लावून सगळा खाल्ला आणि हात पुढे केला, आणखी हवा म्हणून. बोलली नाही.

एक खेळ होता त्या दोघींचा. दुपारी सासूबाई जमिनीवर पाठ टेकून पडायच्या, पाय दुमडून त्यांच्या नडग्यांवर रेवाला बसवायच्या आणि झोका द्यायच्या. झोका थांबला की विचारायच्या, "पुन्हा?" रेवा त्यांच्या हातावर दोनदा थापटायची. म्हणजे हो. मग झोका, मग "पुन्हा?", मग दोन थापट्या. मी स्वयंपाकघरातून ते ऐकायची, आणि त्या थापट्यांच्या जागी एक आवाज यावा म्हणून मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावायची.

शेवटी नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या डॉक्टर फार चांगल्या होत्या. त्यांनी रेवाला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, मग आम्हाला म्हणाल्या, घरात एक भाषा, बाहेर दुसरी, तिसरी पाळणाघरात, मुलीचा गोंधळ होतोय. एकच ठेवा. इथेच राहणार ना? मग इंग्रजी ठेवा. त्या काळी तसंच सांगत. आता नाही सांगत, असं ऐकते.

आम्ही ठेवली. रेवा बोलणार असेल तर मी जपानीही ठेवली असती. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या निवडत असलेल्या मेथीकडे बघत म्हणाल्या, "असं का? बरं."

दुसऱ्या दिवसापासून घर्रघर्र आवाज यायचा, पण त्यावरची बडबड नाही. पूर्वी गुटी देताना त्या रेवाला काय काय म्हणायच्या, लबाडे, सोनपापडे, आ कर, भवाने. आता नुसतं "ओपन माउथ." त्यांना इंग्रजीत लाडच येत नव्हते. मलाही येत नव्हते, खरं तर. मी दिवसभर हॉटेलच्या हिशेबखात्यात इंग्रजी बोलायची, ते इंग्रजी बिलांचं होतं. ते घेऊन मी मुलीला झोपवायला बसायची आणि दोन वाक्यांत संपून जायची. दुपारच्या झोक्यात सासूबाई विचारायच्या, "अगेन?" रेवा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. थापटायची नाही. मुलीला बोलतं करायला निघालो आणि सगळं घरच गप्प झालं. सासूबाईंच्या इथे राहण्याच्या पासाची मुदत संपत आली होती. "आजी म्हणून एकदा हाक ऐकली असती," असं त्या मला म्हणाल्या नाहीत. प्रसादला म्हणाल्या, बाल्कनीत, हळू आवाजात, मराठीत.

त्याच दिवसांत हॉटेलच्या लॉबीत स्टँडवर एक फोटो लागला. पुढचे काही आठवडे लाउंजमध्ये रोज संध्याकाळी, थेट इंग्लंडहून. केस वाढलेले होते, अंग भरलेलं होतं, कोट नव्हता. पण भिंतीला टेकून उभं राहण्याची पद्धत तीच. मी डबा हातात घेऊन तिथेच थांबले. माझ्याबरोबर काम करणारी मे लिंग मागून म्हणाली, "ओह, दॅट वन. लास्ट टाइम व्हेरी फेमस." इथे पूर्वी म्हणायचं असेल तर 'लास्ट टाइम' म्हणतात. मला ते फार लागलं, जणू माझ्याच घरच्या माणसाला कुणी म्हातारं म्हटलं.

संध्याकाळी खांबाआड उभी राहून मी तिचं गाणं ऐकलं. लोक दाणे खात होते. एका टेबलावर वाढदिवसाचा केक कापत होते आणि ती मधेच गाणं थांबवून त्यांच्यासाठी वाढदिवसाचं गाणंही गायली. चांगलं गायली. मी दाण्यांच्या वाटीत हात घातला, उगीच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

मग पाळणाघर बंद झालं. मुलांना हातापायांवर पुरळ येण्याची साथ आली की इथे पाळणाघरं बंद करतात. त्याच दिवशी सासूबाईंना ताप. रेवा ठणठणीत होती, पण ठेवणार कुठे? मे लिंग फोनवर म्हणाली, "ब्रिंग, लाह. बॉस नॉट इन." रेवाला घेऊन मी कामावर गेले. दुपारपर्यंत तिने दोन डबे पेन्सिली टोकदार केल्या. मग मी तिला पाय मोकळे करायला वर नेलं.

दुपारचं लाउंज कसं असतं ते गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, नुकत्या धुतलेल्या गालिच्याचा साबणाचा वास, संध्याकाळसाठी आणून ठेवलेल्या पांदानच्या पानांच्या हिरव्या केकचा गोड वास, आणि त्या दोन्हींखाली जुन्या सिगारेटचा. फिलिपिनो पियानोवाला सूर तपासत होता. बाई आली, तिने उंच टाचांच्या चपला काढल्या आणि नीट जोडून स्टुलाखाली ठेवल्या. मग पायांची बोटं गालिच्यात रुतवली आणि गायला लागली.

तेच हॉस्टेलचं गाणं. पण ढोल नाही, घाई नाही. पियानोवाल्यालाही तिने हातानेच थांब म्हटलं. अगदी सावकाश, एकेक ओळ घासून पुसून ठेवावी तशी ती म्हणत होती. लहानपणी चर्चमध्ये अशीच गात असेल. ज्या गाण्यावर आम्ही कॉट हलवल्या होत्या, त्यात इतकं दुःख होतं आणि इतका धीर होता हे मला त्या दुपारी कळलं. रेवा माझा हात सोडून पुढे गेली आणि तिच्या अनवाणी पायांसमोर फतकल मारून बसली.

गाणं थांबलं. एसीची घरघर तेवढी राहिली.

"पुन्हा," रेवा म्हणाली.

स्वच्छ, जोडाक्षरासकट. मी खुर्चीचा पाय धरला.

"काय म्हणाली ती?" बाईने इंग्रजीत विचारलं.

"अगेन," मी म्हटलं. "म्हणजे... आमच्या भाषेत. ती बोलत नाही. ती कधीच बोललेली नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, रेवाकडे पाहिलं. खाली वाकून रेवाला म्हणाली, "पुन्हा?" तिच्या जिभेवर तो शब्द जरा गोल झाला होता, पण होता तोच. आणि गायली. संपलं की रेवा म्हणायची, "पुन्हा." ती गायची. पियानोवाला हसायला लागला, घड्याळाकडे बघायला लागला, मग घड्याळ बघायचं सोडून देऊन हळूच साथ द्यायला लागला. त्या संध्याकाळी लोकांसमोर गायचा आवाज तिने आमच्यावर खर्च केला असेल. मला त्याचं भान नव्हतं. मी रडत होते.

खाली येऊन घरी फोन लावला आणि रिसीव्हर रेवाच्या तोंडाशी धरला. "बोल, आजी आहे." रेवाने श्वास घेतला. "पुन्हा," ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडून तापातला, घोगरा आवाज आला, "अगं माझी बाई गं!" आणि मग मला उद्देशून, खणखणीत, "ते इंग्रजी घाल चुलीत!"

घातलं. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा सासूबाई तापातच जमिनीवर पाठ टेकून पडलेल्या होत्या, पाय दुमडून. महिन्याभराच्या लबाडे-भवाने त्यांनी एका बैठकीत वसूल केल्या. इंग्रजी आपलं आपण आलं पुढे, शाळेतून, लिफ्टमधून, न बोलावता. पासाची मुदत संपायच्या आत 'आजी'ही आलं. विमानतळावर काचेपलीकडे गेलेल्या सासूबाई हात हलवायच्या थांबल्या की रेवा काचेवर चापट्या मारून ओरडायची, "आजी, पुन्हा!" आणि त्या रांग सोडून पुन्हा मागे यायच्या.

मी बेसनाचे लाडू केले आणि बाईला द्यायला घेऊन गेले. स्टँडवर दुसराच फोटो होता. ती निघून गेली होती. का, कुठे, ते कुणी नीट सांगितलं नाही. पियानोवाल्याने एक लाडू खाल्ला, "व्हेरी गुड, मॅम," म्हणाला, आणि उरलेले मे लिंगने संपवले. आभार तसेच राहिले.

ते मी इतकी वर्षं बाळगले. आता ते हॉटेलही राहिलं नाही, नव्या नावाने उभं आहे, लाउंजच्या जागी चकचकीत घड्याळांचं दुकान आहे. सासूबाईही नाहीत. सहाण आहे, माझ्या ओट्यावर, मधे खोलगट झालेली.

सुपरमार्केटमधून मी रेवाला फोन केला. रेवा वकिली करते. पूर्वी एका शब्दासाठी नवस बोललो, आता ती बोलण्याचाच पगार घेते. "अगं, बाईचं गाणं लागलंय इथे. भेंडीपाशी!"

"आई, सिरियसली? धिस स्टोरी अगेन?" ती म्हणाली. मग टकटक आवाज आला, काहीतरी शोधत होती. "वेट, वेट. आई, शी इज कमिंग, लाह. नेक्स्ट मंथ. जुन्या गाण्यांचा शो आहे. बुक करू?"

मी लाडू केले. रेवा म्हणाली, "कुणाला देणार? सिक्युरिटी असते, आई, असं आत नाही सोडत." तसंच झालं. दारावरच्या मुलाने डबा उघडून वास घेतला, फार आदराने झाकण लावलं आणि पिशव्यांच्या काउंटरवर ठेवून घेतला. म्हणजे ह्याही वेळी लाडू बाहेरच.

सभागृहात माझ्या वयाच्या बायका खूप होत्या. ती आली ती पांढऱ्या केसांची, सावकाश चालत. उंच स्टुलावर बसली. आवाज आणखी खाली गेलेला, वरच्या जागा ती आता कोरसवर सोपवत होती. पण ढोल सुरू झाला आणि सगळं सभागृह उभं राहिलं, मीही उभी राहिले, गुडघ्यांना न विचारता नाचले. रेवा माझ्याकडे बघून हसत होती, बघता बघता तीही नाचली. रेक्टरबाई असत्या तर दार वाजवून दमल्या असत्या.

संपलं. रंगमंचावरचे दिवे उजळले, ती वाकून नमस्कार करून वळली. लोक "वन मोअर" ओरडायला लागले. रेवाचं म्हणणं, ते हॉटेल, तो गालिचा तिला काही आठवत नाही, सगळं माझ्याकडून ऐकलेलं. मी चारचौघांत गुळाचा गणपती, कधी तोंड उघडत नाही. पण बाईची पाठ दिसली आणि मला वाटलं, आता ही गेली की राहिलंच. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "पुन्हा!"

ती थांबली. दिव्यांच्या उजेडावर हात आडवा धरून तिने अंधारात पाहिलं, आमच्या बाजूला, असं मला वाटलं. मग परत येऊन स्टुलाशी वाकली, चपला काढल्या आणि नीट जोडून खाली ठेवल्या. तिला काही आठवलं होतं, की नुसते पाय दुखत होते, देव जाणे. वाजवणाऱ्यांना तिने हातानेच थांब म्हटलं, आणि ते गाणं सुरू केलं. सावकाश. त्या दुपारसारखं.

शेवटचा सूर विरला तरी कुणी टाळी वाजवेना. माझ्या वकील मुलीने अंधारात माझा हात शोधला आणि त्यावर दोनदा थापटलं.